बिनभांड्याचा थेंब

मी झोपलेले नाही. फक्त पाठ टेकलीय. दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. कोल्हापुरात आमच्या घरी दुपारचं कुणी आडवं दिसलं की आई आधी कपाळाला हात लावून ताप बघायची. पण आज पहाटेपासून मी उभी आहे, डब्यातली भाकरी नुकती पोटात गेलीय, आणि प्रयोगशाळेला लागून असलेल्या या खोलीत मधोमध खचलेला एक सोफा आहे. रुखसानाला सांगून आलेय, पाच मिनिटं. दार अर्धवट उघडं ठेवलंय, म्हणजे ती हाक मारेल तर ऐकू येईल.

रुखसाना मुजावर मिरजेची. माझ्याकडे पीएचडी करते, आणि आता तिच्या घरचे लोक फोनवर अभ्यासाचं विचारायचं सोडून नुसतं 'बरी आहेस ना' एवढंच विचारतात. बाहेर ती टेबलापाशी बसून आमच्या थेंबाचे फोटो काढतेय. चार वाजता तीन लोकांची समिती येणार आहे. थेंब खरा असेल तर ही प्रयोगशाळा चालू राहील. नसेल तर खोली आणि यंत्रं दुसऱ्या कुणाला तरी मिळतील, आणि रुखसानाला नवा विषय शोधावा लागेल.

थेंब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बाहेर टेबलावर एक पोलादी कोठी आहे. तिच्यातली हवा उपसून काढलेली. तिच्यात आम्ही पोटॅशियमच्या अणूंचा एवढासा ढग करतो आणि लेसरच्या प्रकाशाने त्याला थंड करत नेतो. इतकं थंड, की हिमालयाला घाम फुटावा. आता हा ढग ठेवायचा कशात? भांड्यात ठेवता येत नाही, कडेला लागला की तापलाच. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरच्या झोतात तो धरून ठेवायचा. झोत हेच आमचं भांडं. झोत बंद केला की ढग पसरतो आणि विरून जातो. पण अणू दोन तऱ्हांचे घेतले, आणि त्यांची एकमेकांविषयीची ओढ अगदी बेताने वाढवली, तर कधी कधी भांडं काढून घेतलं तरी ढग पसरत नाही. त्याचा थेंब होतो. पाण्याच्या थेंबासारखा, स्वतःच स्वतःला धरून बसतो. आणि आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा विरळ! मी इतकी वर्षं या विषयात आहे, तरी हे वाक्य म्हणताना मला अजून गंमत वाटते.

गेल्या आठवड्यात आम्हाला तो दिसला. दिसला म्हणजे त्याच्यावर प्रकाश टाकून त्याची सावली टिपली. सावली टिपली की तो अणूंचा ढग गेलाच, पुढच्या फोटोसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं. झोत बंद करून थोडं थांबलो, सावली गोल. आणखी थोडं थांबलो, तरी गोल. हे थांबणंही सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचं. रुखसानाने मला मिठी मारली आणि मग घाबरून 'सॉरी मॅडम' म्हणाली.

पंपांची घरघर कानात आहे. ती जरा लांब जाते. मग तिला सूर लागतो, कुणीतरी तंबोरा लावत असल्यासारखा.

"पाय घे गो बाजूला," कुणीतरी म्हणतं. "अख्ख्या सोफ्यावर पसरलीयस ती!"

मी पाय घेते. सोफ्याच्या कडेला बाई बसतात. अंबुजा केळुसकर, माझ्या गुरू, ही प्रयोगशाळा ज्यांनी उभी केली त्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायांत रबरी तळव्याच्या चपला, लेसरचा जाड चष्मा कपाळावर चढवलेला. तशाच. आजारात गेलेले केससुद्धा परत आलेत.

मला पक्कं ठाऊक आहे की बाई गेल्यात. गेल्या दिवाळीच्या आधी गेल्या. वेंगुर्ल्याहून त्यांचा पुतण्या आला होता, त्याने अग्नी दिला, मी शेजारी उभी होते.

"बाई, तुम्ही गेलात ना?" मी विचारते.

"गेले तर. म्हणून काय बसायचं पण नाही?"

बाई जिवंत असतानाही त्यांच्या बोलण्यावर मला कधी वेळेवर उत्तर सुचलं नाही. घरी पोचल्यावर सुचायचं.

"थेंब झाला म्हणे," त्या म्हणतात.

"झाला, बाई." माझा आवाज एकदम विशीतल्या पोरीसारखा होतो. "तुम्ही म्हणायचात ना, इथेच होईल म्हणून. इथेच झाला."

"दाखव."

मी उठून अर्धवट उघडं दार पूर्ण उघडते. दारापलीकडे प्रयोगशाळा असायला हवी. तिथे दवाखान्याचा लांब पॅसेज आहे, बाई शेवटी होत्या तिथला. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आमचं लेसरचं टेबल पॅसेजभर लांबत गेलंय. सलाइनच्या स्टँडवर भिंगं टांगलीत. हात धुवायच्या बेसिनवर आमचे छोटे छोटे आरसे ओळीने बसवलेत आणि त्यांच्यावरून गडद लाल किरण वळत वळत पुढे जातोय. एक नर्स किरणाखालून वाकून जाते आणि म्हणते, "जपून, हलवू नका, आत्ताच जुळवलंय."

बाई झपाझपा चालतायत. शेवटच्या दिवसांत त्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागायचा, आणि आता मी त्यांच्यामागे पळतेय. पहिल्यासारखं! किती दिवसांनी असं पळतेय मी. या बाईने आमच्या चुंबकांच्या तांब्याच्या नळ्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर वळल्या होत्या, कारण संस्थेत तेव्हा जागा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटायचं, केळुसकरबाई बंब बनवतायत. एकदा पंपाला कुठेतरी गळती होती, सापडता सापडेना. सगळे हरले. बाईंनी स्टूल घेतलं, कोठीच्या एकेका सांध्यापाशी बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी 'इथे आहे मेली' म्हणून उठल्या. चिडचिड नाही, आदळआपट नाही. मी असते तर पहिल्या दिवशी संध्याकाळी कोठीला लाथ घातली असती.

पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना खाटा आहेत, आणि खाटांच्या पायथ्याशी तापाचे तक्ते असतात तिथे आमच्या थेंबाचे फोटो अडकवलेत. बाई एकेकापाशी थांबतात. चष्मा डोळ्यांवर घेतात, पुन्हा वर करतात.

"गोल आहे," त्या म्हणतात.

"आहे ना?"

"हाही गोल. आणि हाही गोल."

मला वाटतं, आता शाबासकी मिळणार. शेवटच्या खाटेपाशी बाई थबकतात. तिच्या पायथ्याशी फोटो नाही.

"जास्त थांबून काढलेले, पुढचे कुठे आहेत?"

"पुढचे नाही काढले."

"का?"

"पुढे चित्र फिकट येतं, बाई. नीट दिसत नाही."

"मी आंधळी झालेय की मेलेय?"

"...मेल्यात."

"मग? फिकट दिसतं मला. काढ पुढचे."

"बाई, इतके सुरेख फोटो आलेत. एवढं पुरे आहे. समितीला एवढं दाखवलं तरी..."

"शिरा पडो त्या समितीवर!" बाई म्हणतात. हा त्यांचा वेंगुर्ल्याचा शाप, पण तो त्या सगळ्यांना साखरेसारखा वाटायच्या. "मला तो मोडताना बघायचाय."

पॅसेजला नारळाचा वास येतो. बाई पाटावर बसल्यात आणि बिडाच्या तव्यावर घावण घालतायत. हे त्यांचं वेंगुर्ल्याचं स्वयंपाकघर. मी एकदाच इथे आले होते, मे महिन्यात, तेव्हा याच जागी बसून त्यांनी मला थेंबाचं सगळं गणित तोंडी समजावलं होतं. आत्ता भिंतीवर भांड्यांच्या फळीशेजारी आमचे पंप लावलेत, तेही घरघरतायत. मी चुलीसमोर मांडी घालते. चूल पेटलीय, पण तिच्या आचेने हात गार पडतायत.

"सांग बघू," बाई म्हणतात, "अणू एकमेकांना इतके ओढतात, तर सगळा ढग आतल्या आत कोसळायला हवा. कोसळत का नाही?"

"चुळबुळीमुळे."

बाई खूश होतात. हा त्यांचाच शब्द. पुस्तकात त्याला मोठं भारदस्त नाव आहे. पण बाई म्हणायच्या, तुम्ही जगातलं सगळं थंड करा, अणूंना गप बसवा, आवाज बंद, हालचाल बंद, तरी शेवटची म्हणून एक चुळबुळ उरतेच. ती कुणाच्या बापाला काढता येत नाही. एरवी ती इतकी बारीक असते की कुणी तिला विचारत नाही. पण अणूंचं एकमेकांना ढकलणं आणि ओढणं जवळजवळ बरोबरीत आलं, की ही चुळबुळ मध्ये उभी राहते आणि सगळ्यांना कोसळू देत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आत्ताही येतो. निसर्गाने एवढ्याशा गोष्टीवर एवढा थेंब तोलून धरावा आणि आम्हाला तो बघायला मिळावा, याहून जास्त मला काही नको.

बाई तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. एक थेंब तव्यावर गरगर फिरायला लागतो.

"आपल्या थेंबातले अणू सारखे कमी होत असतात," त्या म्हणतात. "तिघं एकमेकांवर आदळले की पळाले बाहेर. होय ना?"

"होय."

"कमी होता होता एका ठरावीक आकड्याखाली गेले की?"

"उरलेल्यांना एकमेकांना धरता येत नाही. थेंब मोडतो. परत ढग होतो आणि पसरतो."

"आणि पसरलाच नाही, कितीही कमी झाले तरी तसाच गोल राहिला, तर?"

मला उत्तर माहीत आहे. गेला आठवडाभर माहीत आहे. झोपताना, आंघोळ करताना, भाजी निवडताना माहीत आहे. मी रुखसानालाही ते बोलून दाखवलेलं नाही.

"तर तो थेंब नव्हे," मी म्हणते. "त्याला कुणीतरी धरलंय."

"कुणी?"

"आमच्याच झोताने. झोत आम्ही बंद करतो, पण तो पुरता बंद झालाय कशावरून? कुठून तरी थोडासा गळत असेल. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. अणू इतके थंड आहेत की एवढासा उरला तरी त्यांना पुरेल."

"मग हे तुला माहितीये."

"माहितीये म्हणूनच पुढचे फोटो काढले नाहीत!" मी ओरडते. "काढले आणि तो मोडला नाही, तर काय करू? चारला समिती आहे, बाई! त्या पोरीची इतकी वर्षं गेलीत यात. तुमची प्रयोगशाळा आहे ही. माझ्या हातून बंद पडू देऊ का?"

बाई घावण उलटतात. कडा जाळीदार सुटलीय. मी ओरडले याचा त्यांना काही फरक पडलेला नाही, कधीच पडायचा नाही.

"पेढा घे," त्या म्हणतात.

आम्ही सभागृहात आहोत. सगळ्यांच्या हातांत पेढे आहेत. मी पुढच्या रांगेत बसलेय, दोन वेण्या घालून. दोन वेण्या मी शाळेत घालायचे आणि हा प्रसंग एमएस्सीला असतानाचा, पण ते असू दे. बाईंनी आदल्या आठवड्यात याच सभागृहात जाहीर केलं होतं की त्यांचा थंड ढग सगळे झोत बंद केल्यावरही जागेवर थांबतो. तोपर्यंत कुणी असं पाहिलं नव्हतं. टाळ्या झाल्या, संस्थेने पेढे वाटले. आणि आज बाई परत व्यासपीठावर आहेत. हेही खरंच घडलं होतं, स्वप्नाने त्यात फक्त माझ्या वेण्या घातल्यात.

"गेल्या आठवड्यात मी इथे जे सांगितलं, ते चूक आहे," व्यासपीठावरच्या बाई म्हणतात. तरुण आहेत, माझ्या आत्ताच्या वयाहूनही तरुण. "ढग स्वतःहून थांबत नव्हता. आमचा एक झोत पूर्ण बंद होत नव्हता, त्याच्या उरल्यासुरल्या उजेडाने त्याला धरून ठेवलं होतं. काल रात्री आम्ही झोताच्या वाटेत काळा पुठ्ठा धरला आणि ढग निघून गेला. चूक माझी आहे. पेढे परत मागत नाही."

सभागृह हसतं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक त्यांना मागून 'पेढेवाल्या बाई' म्हणायचे, कधी तोंडावरही म्हणायचे. बाई त्यावर स्वतःच हसायच्या. बाईंनी त्या दिवशी मान खाली घातली नव्हती. आवाज चढवला नव्हता, कारणं दिली नव्हती, कुठल्या विद्यार्थ्याचं नावही घेतलं नव्हतं. बसमध्ये आपण चुकीचा थांबा सांगितला आणि मग तो बरोबर करून सांगितला, इतक्या साधेपणाने बोलल्या. मी घरी गेले आणि आईला म्हणाले, शिकायचं तर या बाईकडे. आई म्हणाली, जिचं चुकलं तिच्याकडे? मी म्हणाले, हो, तिच्याकडेच.

सभागृह रिकामं झालंय. खुर्च्यांवर पेढ्यांचे कागद पडलेत. बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत आहेत, पुन्हा म्हाताऱ्या.

"तेव्हा भीती नाही वाटली?" मी विचारते.

"वाटली तर. सकाळपासून चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता."

"मग?"

"मग काय? ढग मला विचारून थोडाच वागणार?" त्या पायांतल्या चपला काढून पाय खुर्चीवर घेतात. "उल्के, एक विचारू?"

"विचारा."

"तू रडली नाहीस म्हणे, मी गेल्यावर."

मी दचकते. "कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात. काय खंबीर ती उल्का म्हणून. स्मशानातून सरळ प्रयोगशाळेत गेलीस, आरसे जुळवत बसलीस."

"ते सरकले होते, बाई."

"आरसे सरकतच असतात गो. बारा महिने तेच करतोय आपण."

"मी मोडून कसं चालेल? कुलूप कोण उघडणार? रुखसानाला कोण बघणार? ते पंप एक दिवस बंद राहिले तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला हवं?"

"मोडली नाहीस ना?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

बाई माझ्याकडे बघतात. एखादं चित्र गरजेपेक्षा सुबक आलं की त्या असंच बघायच्या.

"मग तुला कोण धरून आहे?"

मला राग येतो. मग राग येत नाही. सभागृहाच्या खिडक्यांतून कसलाच उजेड येत नाहीये, आणि तरी मला सगळं दिसतंय.

"तुम्हीच," मी म्हणते. "आणखी कोण? सकाळी कुलूप काढते ते तुमच्यासारखं, आधी दार ढकलून. स्क्रू फिरवताना तुमच्यासारखा श्वास धरते. काही अडलं की मी विचार करतच नाही, बाई, मी फक्त ऐकते, तुम्ही काय म्हणाला असता ते. आणि तुम्ही म्हणता! रोज म्हणता. तुम्ही गेल्यात असं मला अजून एकदासुद्धा वाटलेलं नाही. म्हणून रडले नाही. रडायचं कशासाठी?"

"अगो बाई," त्या म्हणतात, अगदी हळू. "म्हणजे माझा झोत नीट बंद झालाच नाही."

"नको व्हायला."

"व्हायला हवा. त्याशिवाय तुझं तुला कसं कळायचं?"

"काय कळायचं?"

"तू थेंब आहेस की नुसता ढग."

"आणि ढग असले तर?"

"तर काळा पुठ्ठा धरायचा, पसरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायचं. पसरलेल्या ढगाला कुणी फाशी देत नाही." त्या हसतात. "पण मला नाही वाटत. मी तुला पंचवीस वर्षं बघतेय. तुझ्यात चुळबुळ फार आहे."

मला हसू येतं, आणि हसता हसता पंप बंद पडतात.

आम्ही कोठीच्या आत आहोत. काळोख आहे आणि इतकी शांतता आहे की ती अंगाला लागते. श्वास घ्यायला हवा नाही, आणि श्वासाची गरजही वाटत नाही. दूर एका गोल काचेतून रुखसानाचा चेहरा दिसतो, मोठा, चष्मा लावलेला, ओठ घट्ट मिटलेले. आणि आमच्यासमोर, हाताच्या अंतरावर, तो आहे. मी त्याच्या शेकडो सावल्या पाहिल्यात, त्याला स्वतःला कधीच पाहिलेलं नाही. धुक्याहून विरळ, कडा मात्र स्पष्ट. आत सगळं गप्प आहे, आणि त्या गप्प बसण्याच्या तळाशी काहीतरी बारीक थरथरतंय.

"कसला देखणा आहे गो," बाई म्हणतात.

"तुमचाच आहे."

"छट्. माझा काय संबंध? त्याचा तो आहे." त्यांचा हात माझ्या हातात आहे. मला आत्ताच लक्षात येतं, तो मघापासून आहे, सोफ्यापासून. गरम, कोरडा, अंगठ्यावर जुना भाजल्याचा वण असलेला हात. "मी आता सोडते."

"थोडं थांबा."

"मी नाही थांबायचं. तू थांब."

"किती थांबू?"

"मोडेपर्यंत."

मी काचेकडे बघते. रुखसाना बटणावर बोट ठेवून बसलीय, मी जेवढं सांगितलंय तेवढंच थांबून फोटो काढणार. तिचं काही चुकत नाही, तिला मी तेवढंच सांगितलंय. न सांगता गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही. चार वाजता सुरेख फोटो असतील. बाईंचा हात असाच हातात राहील.

"रुखसाना!" मी ओरडते, जीव खाऊन ओरडते. "तेवढ्यावर नको! पुढे जा! मोडेपर्यंत थांब!"

माझा हात रिकामा होतो.

थेंब लहान होतो, आणखी लहान होतो. मी बघत राहते.

छतावरचा पंखा. सोफ्याची खचलेली कड पाठीत घुसतेय. खिडकीतून दुपारचं ऊन माझ्या गुडघ्यांवर आलंय. बाहेर पंप चालू आहेत, कधी बंद पडलेच नव्हते. माझा उजवा हात सोफ्यावरून खाली लोंबतोय, मूठ वळलेली, आणि बोटं आखडलीत. बाई नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला हे कळतं. बाई नाहीत, आणि आता मी कितीही कान देऊन बसले तरी त्या काही म्हणत नाहीत.

दारात रुखसाना उभी आहे. धापा टाकतेय. प्रयोगशाळेत पळायचं नाही असा आमचा नियम आहे.

"मॅडम, हे बघा."

"काय झालं? किती वाजले?"

"तीन. आधी बघा ना. तासाभरापूर्वी तुम्ही आतून ओरडलात, तसं केलं मी."

"मी ओरडले?"

"केवढ्याने! पुढे जा, मोडेपर्यंत थांब म्हणून. मला वाटलं, फोनवर कुणाशी तरी भांडताय. पण माझं नाव घेतलंत." तिचा आवाज चिरकतो. "मला पण तेच वाटत होतं, मॅडम. चार दिवस झाले वाटत होतं. तुम्हाला कसं विचारू, कळत नव्हतं."

ती माझ्या हातात कागद देते. कागद प्रिंटरमधून आत्ताच निघालाय, शाई अजून ओलसर आहे. त्यावर सावल्या ओळीने आहेत. गोल. गोल. जरा लहान, पण गोल. आणखी लहान. त्याच्या पुढे एकदम काहीच नाही, नुसता धुरकट डाग, कागदाच्या कडेपर्यंत पसरत गेलेला.

"मोडला," रुखसाना म्हणते. "हळूहळू नाही, मॅडम. या फोटोत आहे आणि पुढच्यात नाही. मी परत करून बघितलं, परत तिथेच मोडला. अणू कमी-जास्त घेऊन बघितलं. जास्त घेतले तर उशिरा मोडतो, कमी घेतले तर लवकर, पण उरलेल्यांचा आकडा तोच असतो. म्हणजे झोत गळत नाहीये. त्याला कुणीच धरलेलं नाहीये. तो खरा आहे!"

मी त्या धुरकट डागाकडे बघत राहते. आठवडाभर ज्याला घाबरले तो हा. केळुसकरबाईंना दाखवायला हवा, असं मनात येतं, आणि ते वाक्य पुढे जातच नाही. ते कुणाकडे न्यायचं ते मला कळत नाही. मी तोंडावर हात ठेवते, पण उपयोग होत नाही. आवाज येतो, मोठा, घाणेरडा, म्हशीसारखा. मला स्वतःला माहीत नव्हतं की मी अशी रडते.

रुखसाना आधी घाबरते. मग माझ्या शेजारी सोफ्यावर बसते. थोड्या वेळाने ती कागद माझ्या हातातून अलगद काढून घेते. शेवटच्या सावलीवर पाणी पडून शाई पसरलीय. ती त्यावर फुंकर मारते, कागद उजेडाला धरून बघते आणि उठते.

"दुसरा काढून आणते, मॅडम," ती म्हणते. "तुम्ही रडा."